स्टुडिओचा कोट

नसीमबाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवअंकासाठी हा लेख फार उशिरा पाठवतो आहे, त्याबद्दल समितीने माफ करावे. एका उत्तराची वाट पाहत थांबलो होतो. ते अजून आले नाही, आणि तोवर अंक छापून झाला तर काय, या काळजीने आज लिहायला बसलो. शाळा माझी सातवीपर्यंतच. चुका दुरुस्त करून घ्याव्यात.

सावली गावातला फोटो स्टुडिओ बाईंच्या वडिलांचा. त्यांच्यामागे तो बाईंनी चालवला. मी पासबुकासाठी फोटो काढायला गेलो, तेव्हा त्या जुन्या निगेटिव्हवरून काढलेले फोटो बाकावर मांडून बसल्या होत्या. त्यात कोटातला एक माणूस होता. मी लगेच म्हणालो, हे माझे बाबा. बाबा गेले तेव्हा मी रांगत होतो. घरी त्यांचा फोटो नाही. त्यांनी सावलीला कोट घालून फोटो काढला होता, एवढेच आई सांगायची.

बाईंनी मला बसवले, पाणी दिले. मग म्हणाल्या, "भाऊ, हा कोट आमचा हाये, स्टुडिओचा. या एका कोटात अर्धा तालुका नवरदेव झाला."

माझ्याआधी दोन घरांनी त्या फोटोवर हक्क सांगितला होता, तोही कोट पाहूनच. तरी बाबांचे नाव लिहा म्हणून मी दर बाजाराला त्यांच्याकडे जात राहिलो. त्यांनी निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेले 'अनोळखी' खोडले नाही.

"आज तुमच्या बाबाचं नाव लिवलं अन् उद्या दुसऱ्याचा लेक आला, त मी त्याले काय सांगू?" एवढेच म्हणाल्या. ज्याने त्या माणसाला पाहिले आहे, त्याने न सांगता चेहरा ओळखला, तरच नाव लिहायचे, हा त्यांचा नियम आहे.

एका पावसाळ्यात दुकानाचे छत गळून निगेटिव्ह एकमेकांना चिकटल्या. बाईंनी त्या ओढल्या नाहीत. स्वच्छ थंड पाण्यात हळूहळू सुट्या केल्या आणि दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या. आमच्या शेजाऱ्याच्या लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. तो चाकूने सोडवायला निघाला, तर बाईंनी त्याचा हात धरला आणि काचेवरूनच कॅमेऱ्याने त्याचा नवा फोटो घेऊन दिला.

बाबांना पाहिलेले आता एकच माणूस उरले आहे, सिरोंच्याकडे दिलेली माझी मोठी बहीण. तिला मोतीबिंदू आहे. माझ्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नाही. बाईंनी तो चेहरा मोठा करून घेतला, कोट कापून टाकला, सोबत आणखी काही चेहरे घेतले आणि या वयात स्वतः निघाल्या. बहिणीला आधी निरोप धाडतो म्हणालो, तर मलाच दरडावले, "भाऊ, मंधात बोलू नोका. बहिणीले स्वतः पाहू द्या."

नसीमबाईंची नजर आणि हात असेच शाबूत राहोत, ठणठणीत तब्येतीने त्या शंभरी गाठोत.

समितीने लेखासोबत छापायला फोटो मागितला होता. तोच कोटातला पाठवतो आहे. खालची नावाची ओळ कोरी ठेवली आहे. बाई परतल्या असतील, तर बहीण काय म्हणाली ते विचारा. आमच्या गावात फोन लागत नाही. सिंदेवाहीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला तरी पोचतो. 'अनोळखी'च छापायचे असेल, तरी लवकर कळवा.