मागं शॉकअप नसलेली सायकल

आमच्या वाडीत सायकली होत्याच, पण त्या बाप्या माणसांच्या. काळ्या, उंच, मागं दुधाची किटली नाहीतर सरकीचं पोतं बांधलेल्या. मुलीसाठी म्हणून दुकानातून आणलेली वाडीतली पहिली सायकल माझी. ही गोष्ट मला कुणी विचारली नाही तरी मी सांगते, आणि एकदा सांगायला लागले की मध्ये थांबत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

वाडीची शाळा सातवीपर्यंत. पुढं नरसीला जायचं. लोक लांबून लांबून नरसीला दर्शनाला येतात, आम्ही दप्तर घेऊन जायचो. दोन कोस गाडीवाट, अर्धी काळ्या रानातून, अर्धी मुरमाच्या चढानं. एसटी फाट्यावरून जायची आणि फाटा आम्हाला शाळेइतकाच लांब होता. आठवी, नववी मी दोन मैत्रिणींसोबत चालत काढली. नववीनंतर दोघींनीही शाळा सोडली, आणि एकट्या पोरीला रानातून चालत धाडायला माय काही केल्या तयार होईना. पण मी वर्गात पहिली आले होते. बापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पारावर बसून त्यांनी जाहीर करून टाकलं, "पोरीला सायकल घेऊन राहिलो. बसली की सुर्रकन शाळंत."

त्याच वर्षी माझी पाठची बहीण सातवी पास झाली. तिच्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. मीच एकदा जेवताना विषय काढला.

"तिचं पाहू पुढल्या साली," बापू म्हणाले.

आमच्या घरात पुढल्या साली फार गोष्टी व्हायच्या होत्या. विहिरीचं बांधकाम पुढल्या साली, घरावरचे पत्रे पुढल्या साली, मायला माहुरला न्यायचं तेही पुढल्या साली. बहिणीनं मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. मला राग आला. राग आला की मला गप्प बसता येत नाही.

"मी तिला मागं बसवून नेते," मी म्हणाले.

"मुरमाचा चढ पाह्यला का? गडीमाणसं रिकाम्या सायकलीवरून उतरतेत तिथं."

"मी न्हाई उतरायची."

बापू हसले. मग भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "बरं. दोघींला घेऊन चालली सायकल तर तीबी जाऊ दे. न्हाई चालली तर ती घरी. मंग रडायचं न्हाई, बराबर?"

बहीण माझ्याकडं बघत होती. "बराबर," असं आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

सायकल घ्यायला बापूंनी मामांना बोलावलं. मामा सेनगावकडचे, बैलांचे नामांकित पारखी. आमच्या चार गावांत त्यांनी हात फिरवल्याशिवाय बैलाचा सौदा होत नसे. सायकलीतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण आमच्याकडं कामाची कोणतीही वस्तू बैलासारखीच घेतात. चारी बाजूंनी फिरायचं, तोंड वाकडं करायचं, आणि आवडलं असेल तर ते बिलकूल दाखवायचं नाही. त्यामुळं मामा हवेतच, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. बहीणही हट्टानं निघाली. जीपमध्ये आम्ही दोघी एकीच्या मांडीवर एक बसून हिंगोलीला गेलो.

हिंगोली तेव्हा नुकती जिल्ह्याची झाली होती. दुकानांच्या पाट्या नव्या, आणि पाट्यांखालच्या माणसांचा तोराही नवा. सायकलच्या दुकानात छताला चाकं टांगलेली होती, आणि अगदी दारात एक लालभडक सायकल उभी होती. तिचा सांगाडा मधेच वाकून वर आलेला, ना सरळ दांडा, ना काही. पुढच्या चिमट्यात शॉकअप आणि सीटखाली, मनगटाएवढी जाड, पिवळी स्प्रिंग.

"डबल शॉकअप है," दुकानदार मामांना म्हणाला. "आगे भी, पीछे भी. गड्ड्यात टाका का दगडावर टाका, काही समजणार नाही."

तिच्या शेजारी निळी होती. तिला पुढं तेवढे शॉकअप, मागं सरळ लोखंडी नळ्या. लाल सायकलीजवळ ती अगदी गरीब दिसत होती.

मामांनी लाल सायकलीला दोन फेरे घातले. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या एकीवर एक बसवलेल्या बघून म्हणाले, "दात तर लई हायेत. वय झालं वाटते." मग त्यांनी सीटवर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला. सीट वीतभर खाली गेली आणि परत वर आली. मामांचा चेहरा एकदम खुलला. तोंड वाकडं ठेवायचं असतं हेही ते विसरले. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आली. बापूंनी दाबून पाहिलं. रस्त्यानं जाणारा एक अनोळखी माणूसही येऊन दाबून गेला.

"हीच घ्या," मामा बापूंना म्हणाले. "लेकराच्या पाठीला तकलीफ न्हाई."

बापूंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे कौतुक होतं ते मी कधी विसरणार नाही. माझी पोरगी पहिली आली, तिला सगळ्यात भारी सायकल मिळाली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. धाकटीचं ते त्या घटकेला खरोखर विसरून गेले होते.

आता मी काही संत नव्हे. दुकानदारानं "बसून बघ बेटा" म्हटलं तशी मी बसले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. गल्लीत नळासाठी आडवा खोदलेला चर होता. बापूंच्या उंच सायकलीवर दांड्याखालून पाय घालून, तिरकी होऊन मी शिकले होते. तसल्या चरातून ती सायकल गेली की दात वाजायचे. ही लाल तिथून अशी अलगद गेली की मी मुद्दाम वळून पुन्हा त्याच चरातून आले. नरसीच्या शाळेच्या फाटकातून मी हिच्यावरून आत जाते आहे आणि सगळा वर्ग बघतो आहे, हेसुद्धा मी तेवढ्यात पाहून घेतलं. फार हवी होती मला ती सायकल.

परत आले तेव्हा बहीण निळीपाशी उभी होती आणि तिच्या मागच्या नळ्यांवरून बोट फिरवत होती. तोंडानं ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर कदाचित मी भांडले असते.

"हिला कॅरिअर बसते का?" मी दुकानदाराला लालबद्दल विचारलं.

"बसते ना. सीटच्या पाइपाला आवळून देतो."

"त्याच्यावर माणूस बसते का?"

तो हसला. "दप्तर ठेवायचं, बेटा. माणूस काहून बसवायचा?"

मी सायकलीवरून उतरले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "मामा," मी म्हणाले, "बैल घेताना तुमी काय करता?"

"काय करतो म्हंजे? दात पाहतो, खूर पाहतो, पाठ पाहतो."

"अन् मंग?"

"मंग भरल्या गाडीला जुंपून पाहतो. रिकामा तर कोणताबी चालते."

"मंग हिला रिकामी काहून घेऊन राहिले?" मी म्हणाले. "अन् पाठीवर हात ठेवला की जो बैल वीतभर खाली बसते, तो तुमी घेतला असता का?"

मग बापू असे हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मामा आधी लाल झाले, मग तेही हसले. पण गडी पक्का होता, लगेच शर्टाच्या बाह्या वर सारून दुकानदाराला म्हणाला, "लावा हो कॅरिअर दोन्हीला. जुंपून पाहू."

दुकानदार कुरकुरला, पण गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यानं लावून दिली. लालवर मी बसले, मागं बहीण बसली. तशी अंगानं ती काडीच होती. पण तिच्या वजनानं स्प्रिंग दबली, सीट खाली आली, सीटसोबत कॅरिअर आलं आणि चाकावर टेकलं. मी पायडलवर उभी राहिले तर अर्धी ताकद त्या स्प्रिंगलाच झोपाळ्यासारखी वरखाली करण्यात जायला लागली. दहा पावलांत चाक घासून थांबलं. दोघीही पाय टेकवून उभ्या राहिलो.

मग निळी. तिचं कॅरिअर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, थेट नळ्यांना आवळलेलं. बहीण बसली, मी पाय मारला आणि सायकल निघाली. पाय जेवढा मारला तेवढी निघाली. चरातून गेलो तेव्हा माझ्या हातांना काही कळलं नाही, पण मागून "आई गं" ऐकू आलं. "उतरू का?" असं मी विचारणार, तर तीच ओरडली, "थांबू नको!" गल्लीचं टोक गाठलं, वळलो, आणि घंटी वाजवत पुन्हा दुकानासमोर आलो. मामांनी बाजारात बैल पास केल्यावर मारतात तशी निळीच्या सीटवर थाप मारली.

बापू हसत नव्हते. ते बहिणीकडं बघत होते. ती अजून कॅरिअरवरच बसून होती, दोन्ही हातांनी माझी ओढणी घट्ट धरून, उतरलं तर परत बसू देणार नाहीत असं तोंड करून. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, "हीच द्या. कॅरिअर मात्र चांगलं मजबूत बसवा. रोज दोघी बसणार हायेत."

लाल सायकलीकडं मी निघताना एकदा पाहिलं, खोटं कशाला सांगू. पण बापूंच्या त्या एका वाक्यानं माझी छाती अशी फुगली होती की जीपच्या टपावर बांधलेली निळी मला विमानासारखी वाटली.

मुरमाचा चढ पहिल्या दिवशी जमला नाही. उतरलो, ढकलली. आठवडाभर ढकलली. मग एके दिवशी मागून बहीण गणिताचे पाढे मोठमोठ्यानं म्हणायला लागली आणि मी पाढ्यावर पाय मारत गेले, तर एकोणतिसाच्या पाढ्याला वर पोचलो होतो. कॅरिअरवर तिनं वाकळीची घडी घालून घेतली होती, तरी संध्याकाळी ती पालथीच झोपायची. मागच्या शॉकअपचं काम तीच करत होती, असं मी तिला चिडवायची. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरायची की मडगार्ड काढून घरी ठेवले, आणि रानाच्या तुकड्यात सायकलच आमच्या खांद्यावर बसून जायची. शाळेत पोचायचो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल असायचा, पण प्रार्थना सुरू व्हायच्या आत पोचायचो.

दहावी पास होऊन मी हिंगोलीला शिकायला गेले. सायकल बहिणीकडं राहिली. दिवाळीला घरी आले तर सकाळी तिची निघायची वेळ, आणि कॅरिअरवर वाडीतलीच एक आठवीतली पोरगी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. त्या पोरीच्या घरी जाऊन, तिच्या बापाशी वाद घालून बहिणीनं तिला शाळेत घातलं होतं. मला तिनं पत्रानं कळवलंसुद्धा नव्हतं. "रिकामी काहून न्यायची?" एवढंच म्हणाली आणि पायडल मारून निघून गेली. तिच्यामागं पुढच्या वर्षी दुसरी बसली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एका घरात सायकल आली. तीही मागं सरळ नळ्यांची.

बहीण आज नरसीजवळच्याच एका शाळेत गणित शिकवते. माझ्यापेक्षा पुढं गेली, आणि हे सांगताना मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

बापू सायकलीचे पारखी म्हणून वाडीत मिरवतात. मध्यंतरी शेजारच्या गावचा एकजण त्यांच्याकडं आला होता. पोराला सायकल घ्यायची आहे, डबल शॉकअपची घेऊ का साधी, असं विचारत होता. मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. बापूंनी त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि सायकलीबद्दल एक शब्द बोलायच्या आधी विचारलं, "घरात पोरी किती हायेत?"