चुकीचं निघावं असं पुस्तक

"छापलंय तर बरोब्बर. पण जाऊन पाह्यलं का कोणी?"

असं म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पुस्तक मांडीवर पालथं ठेवायचे. मग मी वहीत त्या पुस्तकापुढे 'पुढील बैठकीत' असं लिहून टाकायची. वाचणारी माणसं तुमच्याही ओळखीत पुष्कळ असतील. वाचलेलं खरं आहे का ते बघायला बस पकडून जाणारा माणूस मी एकच पाहिला.

देवासला आमच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला वाचनगट जमतो. आम्ही आठ-नऊ जण, मराठी घरांतले पण हिंदी शाळांत शिकलेले. कथा-कादंबऱ्या ज्याने त्याने घरी वाचाव्यात, गटात फक्त माहितीची आणि अनुभवाची पुस्तकं घ्यायची, हा नियम माझा. यादीही माझ्याकडे. कोणी काय सुचवलं, पानं किती, प्रत कोणाकडे, सगळं वहीत. तपासायला जाणारे ते गृहस्थ धारहून यायचे, इंदूरला बस बदलून. नहर खात्यातली, म्हणजे कालव्यांवरची, सगळी नोकरी मोजमापात गेलेली. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

मातीवरचं पुस्तक घेतलं तेव्हा ते पाच पुड्या माती घेऊन आले. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात असं पुस्तकात होतं. काकांनी एका भेगेत हात घालून पाहिला होता. "कोपरापर्यंत गेला, ताई. लेखकाने मनगटापर्यंत लिहिलंय. बिचारा घाबरला असेल." माझ्या टेबलक्लॉथवरचा डाग अजून आहे.

झोपेवरच्या पुस्तकाची चर्चा चालू असताना ते खुर्चीतच झोपले. आमच्यातले डॉक्टर टोमणे मारण्यात पटाईत. "काका, प्रयोग चालू आहे का?" त्यांनी मोठ्याने विचारलं. काका डोळे न उघडता म्हणाले, "चौथं प्रकरण बरोबर आहे, भिया. पाचव्याला उठवा." आमच्या माळव्यात ओळखीच्याला काय, परक्यालाही 'भिया' म्हणतात, भाऊ या अर्थाने.

या तपासण्यांना ते एकटे जात नसत. काकू बरोबर असायच्या, डबा आणि शाल घेऊन. नद्यांच्या पुस्तकासाठी दोघं नेमावरला जाऊन तीन दिवस राहिली. परत आल्यावर काकांनी आम्हांला सांगितलं ते असं: पहाटे दोघं घाटावर बसली होती. धुकं इतकं की नर्मदा दिसेना, तिचा आवाजही येईना. पायरी संपते तिथे पांढरं काहीतरी सुरू व्हायचं. मग काकू म्हणाल्या, "नदी आज घरी नाही वाटतं." आणि तेवढ्यात त्या पांढऱ्यातून एक नाव आली. आधी वल्ह्याचं टोक, मग एक हात, मग नावाडी. जणू कोणी त्याला तिथेच बसून एकेक अवयव आठवत होतं.

एवढं सांगून काका थांबले. माझ्या हातात पेन होतं आणि मी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी चर्चा झालीच नाही. वहीत त्या तारखेपुढची जागा कोरी आहे.

मागच्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून एक पुस्तक सुचवलं. म्हातारपणी स्मृती कशी जाते, यावरचं. स्वतःची प्रतही आणून दिली. मी यादीत घातलं आणि तीनदा खाली ढकललं. एकदा सणाचा महिना होता, एकदा पानं फार वाटली, एकदा कोणाला तरी हलकंफुलकं हवं होतं. दर वेळी ते जाताना दारात चपला घालत विचारायचे, "ताई, आपलं ते पुस्तक?"

"यादीत आहे, काका."

"हौ. यादीत आहे म्हणजे येईलच."

त्या महिन्यांत ते कुठे गेले नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पक्ष्यांच्या पुस्तकावर नुसतं "असेल, असेल" म्हणाले. साध्या तलावापर्यंत जाऊन आले नाहीत. माझ्या वहीत कोण आलं, कोण नाही आलं याची खूण असते. आलेला माणूस कसा होता, याची नसते.

शेवटी त्या पुस्तकाची पाळी आली आणि काकांचाच फोन आला. "येणं होणार नाही. तुम्ही मात्र नीट वाचा. एकेक वाक्य तपासा. तुमच्यात डॉक्टर आहेत."

आम्ही खरंच मन लावून चर्चा केली. डॉक्टरांनी प्रकरणवार टिपणं काढली होती. पावणेसहाला मी वहीत पुस्तकापुढे झाल्याची खूण केली आणि संध्याकाळी उत्साहाने काकांना फोन लावला.

"किती चुका निघाल्या?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"एकही नाही, काका. डॉक्टर म्हणाले, इतकं चोख पुस्तक आपण आजवर घेतलं नव्हतं."

"एकही नाही?"

"एकही नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी ती ऐकून दचकल्यासारखं काही बोललं. "आणि पान दोनशे बारा?" काकांनी हळू विचारलं.

"त्यावर वेगळं काही बोलणं नाही झालं."

"बरं. मेहनत केली तुम्ही लोकांनी." आणि फोन ठेवला.

मी पान दोनशे बारा उघडलं. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती, पट्टीने ओढल्यासारखी सरळ. 'एक दिवस असा येतो की समोर बसलेला जोडीदार रुग्णाला परका वाटतो, आणि परक्याची भीती वाटू लागते.' समासात काकांच्या बारीक, सुटसुटीत अक्षरात एक शब्द होता: तपासावे. ती प्रत आम्हा सगळ्यांच्या हातांतून फिरली होती. सगळ्यांनी ते पाहिलं होतं. जुन्या सवयीची खूण, म्हणून पान उलटलं होतं.

पुढच्या रविवारी मी धारला गेले. हिवाळ्यातली दुपार होती, ओसरीवर ऊन पसरलेलं. काकू ताटात मटार सोलत बसल्या होत्या. मला "या, बसा" म्हणाल्या, अगदी नेहमीसारखं. काकांनी मला आत बोलावून पाणी दिलं.

"मीच पुस्तक खाली ढकलत राहिले, काका," मी म्हणाले. "तुम्ही एकदा बोलला असतात तर..."

"बोललो असतो तर तुम्ही लोकांनी मुद्दाम चुका काढल्या असत्या, ताई. मला खऱ्या पाहिजे होत्या." ते थोडं हसले. "पहिलं अर्धं वाक्य तर खरं निघालं. चार दिवस झाले."

मग त्यांनी दुसरा पेला भरला आणि बाहेर काकूंकडे नेला. मी दारातच उभी राहिले.

काकूंनी पेला घेतला आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "भिया, तुम्ही कुणीकडचे?"

"इथलाच. धारचा."

"धारची माणसं चांगली असतात."

"हौ, ऐकून आहे."

"घरी कोण कोण?"

"बायको आहे."

"मग एकटेच कसे आलात? तिला आणायचं ना."

काका शेजारी उभेच राहिले, जरा अंतर ठेवून, पाहुणा उभा राहतो तसे. ऊन सरकून ताटाच्या कडेला लागलं होतं. काकूंनी सतरंजीवरच्या शेंगा गोळा करून एका बाजूला केल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हाताने दोनदा थोपटलं. ते बसले. काकूंनी ताटातले मूठभर दाणे उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले आणि त्यांची बोटं आपल्या हाताने मिटवली.

"खा," त्या म्हणाल्या. "लांबून आला असाल."