मस्कतचे दहा

नवा विमानतळ झाला तेव्हा मुरूडच्या नाक्यावर फलक लागला: ‘मस्कत आता अडीच तासांवर’. वर हात जोडलेला पुढारी, खाली त्याचे भाचेपुतणे. अडीच तासांत आम्ही मुरूडहून फार तर पेण गाठतो, पण तेवढ्यासाठी कोणी फलक लावत नाही. नकाशात मस्कत आमच्या समोरच आहे, मध्ये फक्त पाणी. गलबतावर जाणारे आमचे म्हातारे त्याला शेजारच म्हणत.

माझा थोरला भाऊ, भाय, तिथे एकवीस वर्षं नोकरीला आहे. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. पण आखातातल्या माणसाला एक सवय लागते: घरी फोन केला की तो इकडचीच वेळ बोलतो. ‘आठला करतो’ म्हणजे आपले आठ. कुठले आठ, हे मला कधी विचारावं लागलं नाही.

अब्बा पहाटे गेले. सातला भायचा फोन आला. “दहाचं विमान मिळालं. मी येईपर्यंत थांबवा. मला तोंड बघायचंय.”

मी मशिदीत जाऊन हिशेब सांगितला. दहा अधिक अडीच, बाहेर पडायला एक तास, पुढे रस्त्याचे पाच. साडेसहा. दफन सूर्यास्ताला, मगरिबच्या नमाजनंतर ठरलं.

दुपारी दोनला तो म्हणाला, “उतरलो.”

“लेट झालं काय?”

“न्हाय. अगदी वेळेवर.”

तेव्हा मला कळलं. बाप गेल्याच्या धक्क्यात त्याने तिकिटावरची वेळ वाचून दाखवली होती. दहा मस्कतचे होते. आपले साडेअकरा.

जमातीच्या चाचांना मी म्हटलं, रात्रीच्या नमाजपर्यंत थांबू.

“दिघीची माणसं बोटीनं आलीत. तवर थांबली तर परतीची बोट हाय कुठं? सकाळीच बोलला असतास तर मुक्कामाच्या बेतानं आली असती.” मग आवाज उतरवून म्हणाले, “मास्तर, शाळेत गणित तूच शिकवतोस न्हाय?”

मगरिब झाली तेव्हा भाय पोयनाडला गाड्यांच्या रांगेत होता. मी व्हिडिओ कॉल लावून फोन अब्बांच्या चेहऱ्यावर धरला.

“जरा बाजूला हो. तुझी सावली पडत्ये,” तो म्हणाला.

मी सरकलो. तेवढ्यात चित्र अडकलं. थोडं थांबून चाचांनी कफन चेहऱ्यावर ओढलं.

आठला तो आला आणि थेट कब्रस्तानात गेला. तीन मुठी माती टाकली. परतताना तो रस्त्याला, कंत्राटदाराला, सरकारला शिव्या घालत होता आणि बरोबरची माणसं माना डोलवत होती. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मीही रस्त्याला दोन शिव्या घातल्या. जरा मोठ्यानेच.