आत्याची तालीम

एकदा डोक्यात घेतलेली गोष्ट कधी तरी खाली ठेवायची असते, हे माझ्या आत्याला ब्रह्मदेवसुद्धा पटवू शकला नसता. भोरच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्या पायी फिरून मुलांना देवी टोचायचं काम तिच्याकडे होतं. ती येताना दिसली की आया पोरांना कणगीत लपवत, आणि आत्या थेट कणगीसमोरच पदर खोचून बसे. "मला घाई नाही. भूक लागली की निघेल बाहेर," असं म्हणून ती त्याच घरच्या बाईला चहा टाकायला लावी. पोर निघायचंच. टोचून झालं की त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालून, त्यालाच कडेवर घेऊन ती पुढच्या वाडीची वाट विचारायची.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला एक कागद वाचून दाखवला. लढाईत आईबाप गमावलेल्या मुलांसाठी युरोपात छावण्या चालवणारी एक संस्था होती आणि तिला बिनपगारी काम करणाऱ्या बायका हव्या होत्या. मूल कुणाचंही असो, खाणं, औषध आणि आसरा हा त्याचा हक्कच आहे, उपकार नव्हे, असं त्या कागदात म्हटलं होतं. "हे मी वीस वर्षं ओरडून सांगतेय, छापलेलं आज पाहिलं," असं म्हणत आत्या घरी आली आणि विलायतेला जाणार असल्याचं तिने वडिलांना, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, भात वाढता वाढता सांगून टाकलं. "या घरात तुला काय कमी आहे?" वडिलांनी विचारलं. "काही कमी नाही, म्हणून तर जाते," आत्या म्हणाली. त्या दिवसापासून वडिलांनी तिच्याशी बोलणं सोडलं. बालविधवा बहिणीला त्यांनी लेकीसारखं सांभाळलं होतं, ती समुद्रापार जाणार हे त्यांना सोसत नव्हतं.

आत्याने तयारी सुरू केली. पलटणीतून परतलेल्या एका शेजाऱ्याचे बूट तिने मागून आणले आणि नऊवारीखाली ते घालून ती रोज भाटघरच्या धरणापर्यंत जाऊन येऊ लागली. बूट मोठे होते, म्हणून पुढे कापूस कोंबला होता. बोट लागू नये म्हणून ती धरणाच्या पाण्यात होडीत बसे आणि नावाड्याला होडी हलवायला सांगे. "बाई, म्या जन्मभर हालू नये म्हनून जपलो. हालवा म्हननाऱ्या तुमीच पयल्या," तो बिचारा म्हणाला. मला सोबत म्हणून नेलं होतं. शाळामास्तर असूनही मी काठावर येऊन ओकलो, आत्या शेंगा सोलत बसली होती. इंग्रजी शिकवायचं कामही माझ्याकडेच होतं. पण छावणीतल्या मुलांना इंग्रजीही येत नाही असं कळल्यावर तिने पुस्तक मला परत केलं.

मग तिने ठरवलं की भाषेशिवायच मुलं सांभाळायला शिकायचं. त्यासाठी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाडीत आठ दिवस राहायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मीही बरोबर गेलो. पोरांना काहीच अडचण आली नाही. खुणांनी, टाळ्यांनी, हनुवटीला हात लावून आत्या त्यांना न्हाऊमाखू घाली, जेवू घाली, आणि दुसऱ्या दिवशी तर पोरंही तिच्याशी मुक्यानेच भांडू लागली. धीर सुटला तो मोठ्यांचा. वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चांगली बोलती बाई. सुया टोचून टोचून देवीचा कोप झाला आसंल." खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर आत्याने असे डोळे वटारले की माझीही वाचा बसली. संध्याकाळी म्हातारीने वाघजाईला नवस बोलून नारळ बांधला. बाईंना वाचा आली तर वाडीतल्या सगळ्या पोरांना गोडाचं जेवण.

पाचव्या दिवशी एक रांगतं पोर उकळत्या दुधाच्या हंड्याकडे निघालं आणि आत्या सगळी वाडी दणाणेल अशी ओरडली, "अरे मेल्या, माघारी फिर." पोर वाचलं. म्हातारी शांतपणे म्हणाली, "पावली वाघजाई." आपण मुद्दाम गप्प होतो, हे आत्याने तिला तीन वेळा समजावून सांगितलं. "आसंल बाई. पर वाचा फुटली ती नवसानंच," म्हातारी म्हणाली. आत्याला हार मानताना मी तेवढं एकदाच पाहिलं. तिने चरफडत लापशी शिजवली, पण पहिली पंगत पोरांची बसवली. बाप्ये भुकेली पोटं धरून उभे राहिले. "कागदात तसंच लिहिलंय," ती त्यांना म्हणाली, आणि कुठल्या कागदात ते कुणी विचारलं नाही.

ती निघाली त्या दिवशी वडील मोटारीपर्यंत आले. त्यांनी एक नवी घोंगडी तिच्या ट्रंकेवर ठेवली आणि "तिथं थंडी असते" एवढंच म्हणाले. आत्या खूप रडली. ट्रंक मात्र तिने मोटारीतून उतरवू दिली नाही.

वर्षभराने तिचं मला पत्र आलं. छावणीत सहा वर्षांची एक मुलगी होती, आई गेल्यापासून ती बोललेली नव्हती. आत्या तिच्याशेजारी रोज मुकी बसत होती. शेवटी लिहिलं होतं, "माझे उपाय संपले. वाडीवर जा आणि नवस बोल. हसू नकोस." मी हसलो नाही. मी चढून गेलो. म्हातारीने देश विचारला नाही, पोरीचं नाव विचारलं, ते तिला नीट म्हणता येईना, तरी तिने नारळ बांधला.

पावसाळ्यानंतर दुसरं पत्र आलं. मुलगी बोलली होती. "नवस फेड, पोरांना आधी वाढ," असं आत्याने लिहिलं होतं. परत येण्याबद्दल एक ओळही नव्हती. मी लापशीचं सामान घेऊन वाडीवर गेलो, म्हातारीने पोरीच्या नावाचा नारळ सोडून फोडला, पंगत उठली, आणि म्हातारीने विचारलं, "आन् बाई कवा येनार?" पत्रात तसं काही लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं. तिने आत जाऊन आणखी एक नारळ आणला.

तो नारळ वाघजाईसमोर अजून तसाच बांधलेला आहे.