साडूंचे तीन पंखे

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा तपासणीला आमचे साडू हजर नव्हते, हे सृष्टीचं नशीब. ते असते तर आपण सगळे अजून गेटच्या आतच लाल क्रेटमध्ये पडून असतो आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोष लिहिलेली चिठ्ठी असती. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इतरांनी बनवलेले सुटे भाग तपासले. माप जमलं तर पिवळा ठिपका, नाही जमलं तर लाल चिठ्ठी, असं ते काम. पुढे ते कारखान्यातून निवृत्त झाले, कामातून नाही. सहा इंची पोलादी पट्टी, पिवळा मार्कर आणि लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या खिशात आजही असतो. त्यांच्या घरी कुकरवर, देव्हाऱ्यावर आणि नातवाच्या तीनचाकी सायकलवर पिवळे ठिपके आहेत. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांनी जिलेबीच्या परातीला लाल चिठ्ठी बांधली होती. 'वेढ्यांमध्ये सातत्य नाही,' असं तिच्यावर लिहिलेलं होतं. केटररने ती जपून ठेवली आहे असं ऐकतो. आदराने की पुरावा म्हणून, ते कळलेलं नाही.

त्यांच्या दुसऱ्या सवयीला मात्र आमचं सगळं सासर घाबरून असतं. काहीही बिघडलं की ते पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं, असं त्यांना कारखान्यात शिकवलं होतं आणि दुर्दैवाने ते त्यांना पटलं. एकदा आमच्याकडे त्यांना चहा कोमट मिळाला. का? गॅस संपत आला होता. का? सिलिंडर वेळेवर नोंदवला नव्हता. का? मी विसरलो होतो. का? मी वाचत बसलो होतो. पाचव्या 'का'ला ते थेट आमच्या सासऱ्यांपर्यंत पोचले: स्थळ बघताना त्यांनी मुलाच्या सवयींची नीट चौकशी केली नव्हती. सासरे जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. "मूळ कारण सापडलं," असं म्हणून साडूंनी समाधानाने तो कोमट चहा पिऊन टाकला. माझी बायको ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होती, त्यावरून तिलाही ते पटलं असावं.

असा माणूस निवृत्तीनंतर गॅलरीत तुळस लावून बसेल, ही अपेक्षाच चूक. त्यांनी एक जुनी बस विकत घेतली आणि चाकणच्या आमच्या कंपनीत पहिल्या शिफ्टच्या माणसांची ने-आण करायला लावली. शब्द मी टाकला होता. मी त्याच कंपनीत कागदपत्रं सांभाळतो आणि पिंपरीहून रोज त्याच बसने जातो, त्यामुळे बसबद्दलची प्रत्येक तक्रार पहिल्यांदा माझ्या कानावर येते. या बसचं इंजिन मागे आणि रेडिएटर त्याच्या कुशीला. रेडिएटर थंड ठेवणारा पंखा तेलाच्या दाबावर फिरायचा. पंप, नळ्या, मोटर असा सगळा हायड्रॉलिक कारभार. पंखा फिरू लागला की असा काही आक्रोश करायचा की मागच्या चार सीटवर बसलेल्यांना देव आठवायचा. नळ्या गळायच्या, पंखा मंदावायचा, इंजिन तापायचं आणि मोशीच्या आसपास कुठेतरी चाळीस माणसं रस्त्याच्या कडेला उतरून उभी राहायची.

"काका, ही तुमच्या साडूंची बस आहे का गुऱ्हाळ?" असेंब्ली लाइनवरच्या एक ताई मला विचारायच्या. "वाफ तर तशीच निघतीय. रस तरी द्या."

दुसऱ्यांदा शिफ्ट चुकली तेव्हा ॲडमिनच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की आता आणखी एकदा उशीर झाला तर या रूटवर दुसरी बस येईल. मी हे साडूंना सांगितलं तेव्हा त्यांनी एकदाही 'का' विचारलं नाही. निवृत्तीच्या वेळी जे हातात आलं होतं ते सगळं त्या बसमध्ये होतं, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, हा उद्योग करू नका म्हणून बजावलेलं होतं.

तळवड्याला बसची कामं करणारा एक मेकॅनिक आहे, लातूरकडचा. त्याने दहा मिनिटं खाली डोकावून निदान केलं: तेलाचा कारभार उपटून टाका, विजेचे तीन पंखे लावा, दोन दिवसांचं काम. साडूंनी ते नऊ दिवसांचं केलं. तोवर कंपनीकडे बदली बस गेली आणि मी रोज संध्याकाळी, नको असताना, तळवड्याला गेलो. कारण साडूंना साक्षीदार लागतो. तारांचं चित्र त्यांनी स्वतः काढलं, पंख्यांची चौकट स्वतः आखली. तीस वर्षं इतरांच्या कामावर बोट ठेवणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी बनवत होता, आणि नव्या नवरीने रांगोळी काढावी तसा जीभ बाहेर काढून बनवत होता. मग तपासणी. अडतीस मुद्द्यांची यादी, प्रत्येक बोल्टचा आवळ, प्रत्येक तारेची ओढ, प्रत्येक पंख्याचा करंट.

"साहेब, एक कागद धरून बघू का जाळीपुढं?" मेकॅनिक म्हणाला. "वारा कुण्या अंगाला जातोय ते कळंल."

"कागद हे मोजमापाचं साधन नाही," साडू म्हणाले आणि तिन्ही पंख्यांवर पिवळे ठिपके दिले.

सोमवारी बस पुन्हा रूटवर जायची होती. रिकाम्या बसची चाचणी ही चाचणीच नव्हे, या तत्त्वानुसार रविवारी सकाळी सासरची एकवीस माणसं वजन म्हणून बोलावण्यात आली. प्रत्येकाला किलो विचारून ते वहीत टिपलं गेलं. मेव्हणीने सांगायला नकार दिला, म्हणून तिच्या नावापुढे साडूंनी अंदाज लिहिला. तो तिने वाचला आणि त्यानंतर चाकणपर्यंत ती बोलली नाही. उरलेली भर पाण्याच्या कॅनची. मेकॅनिक पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. मोशीपर्यंत सगळं छान चाललं होतं. पंख्यांचा आवाज नव्हता, मुलं गाणी म्हणत होती, साडू इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होते. मग काटा वर चढू लागला. चाकणच्या कांदा मार्केटपाशी तो लाल पट्ट्यात गेला आणि बस वाफ सोडत उभी राहिली.

तिन्ही पंखे इमानाने फिरत होते. साडूंनी यादी काढून पुन्हा सगळं तपासलं. अडतीसच्या अडतीस मुद्दे बरोबर. त्यांनी 'का' सुरू केलं. दुसऱ्या 'का'ला पाणी दोषी ठरलं, तिसऱ्याला बॅटरी विकणारा, चौथ्याला मेकॅनिक. पाचव्याला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मार्केटच्या फाटकाकडे पाहू लागलो.

तेवढ्यात आमच्या सासूबाई खाली उतरल्या. त्या खेडच्या पुढच्या एका वाडीतल्या. उभा जन्म कांद्याच्या चाळीत आणि खळ्यावर गेलेला. रस्त्यावर कांद्याची फोलपटं उडत होती. बसच्या कुशीला, जाळीशी उभ्या राहून त्या ती बराच वेळ न्याहाळत राहिल्या.

"जावईबापू, मला त्यातलं काय कळत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर ह्यो पंखा वारा घेतोय का देतोय?"

"घेतोय," साडू म्हणाले. "बाहेरची गार हवा आत."

"मग ही फोलपटं लांब पळत्यात कशापायी? वारा आत चालला असता तर जाळीला चिकटली असती न्हवं?"

पंखे इंजिनाभोवतीची गरम हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलत होते. मेकॅनिक जमिनीकडे पाहत होता. "कागदाचं म्हणलो होतो मी, साहेब," जिंकायचं नसलेल्या आवाजात तो म्हणाला. साडूंनी खिशातून तारांचं चित्र काढलं. त्यात अधिक आणि उणे उलटे दाखवलेले होते आणि मेकॅनिकने ते तंतोतंत पाळलं होतं. पंखा फिरतो का, हा मुद्दा यादीत होता. कुठल्या दिशेने, हा नव्हता.

या क्षणाची मी वीस वर्षं वाट पाहत होतो. बोलायची वाक्यंही तयार होती, चांगली घोटलेली. पण साडूंनी लाल चिठ्ठी काढली, बसच्या पत्र्यावर ठेवली आणि लिहायला लागले. दोष: फिरण्याची दिशा उलटी. कारण, या रकान्यापाशी ते थांबले आणि मग त्यांनी एकच अक्षर लिहिलं: मी. माझी वाक्यं तोंडातच राहिली.

"झालं ना लिहून?" मेव्हणी म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. "बांधा ती तिथं आणि तारा बदलून घ्या. उद्या चाळीस माणसं थांबणार आहेत स्टॉपवर."

इंजिन गार झाल्यावर मेकॅनिकने तिन्ही पंख्यांच्या तारांची अदलाबदल केली. पंखे पुन्हा सुरू झाले तशी फोलपटं येऊन जाळीला चिकटली, आणि सासूबाईंनी तूर निवडावी तशी ती एकेक करून वेचून काढली. परतीच्या वाटेवर काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. सोमवारी आम्ही शिफ्टच्या आठ मिनिटं आधी गेटवर पोचलो. "काका, गुऱ्हाळ बंद पडलं वाटतं," ताई उतरता उतरता म्हणाल्या. रूट राहिला.

आता आवाज नसल्यामुळे माणसं पिंपरीपासून चाकणपर्यंत झोपून जातात आणि मला वाचता येतं. निघायला मात्र रोज दोन मिनिटं उशीर होतो. साडू पहाटे स्टॉपवर येतात, इंजिन सुरू करायला लावतात आणि मागे जाऊन जाळीजवळ तळवा धरून उभे राहतात. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या नाकाशी हात धरून श्वास बघावा, तसे. हे कुठल्याही यादीत नाही. वैतागून एकदा मी खाली उतरलो आणि विचारलं, "किती भरतंय? काही माप?"

"चालू आहे," ते म्हणाले.

"पण किती?"

"चालू आहे हो," ते पुन्हा म्हणाले. त्यांनी हात काढला नाही. मी माझ्या जागेवर येऊन बसलो. आत चाळीस माणसं होती, निम्मी अजून जागी, पण कोणीच 'चला' म्हणालं नाही.