शेजारणीचं फराळाचं ताट

शेजारी करंज्या तळायला लागल्या की खमंग वास आमच्या घरभर येतो आणि माझं डोकं आजही तापतं. काही वर्षांपूर्वी प्रभूची सेवा करायला म्हणून परदेशातून एक तरुण मुलगी आमच्या मिरजगावात आली आणि आमच्याच घरी राहिली. पोर गुणाची होती, खोटं कशाला बोलू! पहाटे उठून प्रार्थना करायची, आपले कपडे आपण धुवायची, मोबाईलवर ऐकून ऐकून मराठी शिकायची. दिवाळीला शेजारीण फराळाचं ताट घेऊन आली, ते माझ्या हातात देऊन जरा टेकली, तोच या पोरीनं ताट काढून घेतलं आणि तिच्यादेखत अख्खं दारात बांधलेल्या आमच्या शेळीपुढं ओतलं. वर मलाच सांगते, "मावशी, मूर्तीपुढचं आपण खायचं नाही." माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. म्हटलं, "अगं, माझ्या आजीच्याही आधीपासून आम्ही ख्रिस्ती आहोत, तू मला शिकवतेस? माझ्या बाळंतपणात हिच्याच हातचं खाल्लंय मी!" शेजारीण हसून म्हणाली, "जाऊ दे गं, शेळीची तरी दिवाळी झाली." पोर रडली, माफी मागून मोकळी झाली, पुढं आपल्या देशी निघूनही गेली. भोगतेय मी. एरवी न विचारता थेट स्वयंपाकघरात शिरणारी माझी शेजारीण आता ताट घेऊन दारातच थांबते आणि विचारते, "तुमच्यात चालतंय न्हवं?"