बुरशी लागलेल्या बाटल्या

चाकणजवळच्या आमच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये एक वयस्कर बाई मिरचीचे कोंब कापून नव्या बाटल्यांत लावतात. हात सफाईदार, पण तोंड थांबत नाही. काम करताना बोलू नका, बुरशी लागते, हे मी रोज बजावते. त्या मास्क खाली ओढून "व्हय मॅडम, कळलं" म्हणतात आणि मोशीतल्या सुनेची तक्रार पुढे चालू करतात. वैताग नुसता!

परवा एका रॅकमधल्या सगळ्या बाटल्यांत बुरशी निघाली. महिन्याची मेहनत वाया गेली. मी लॅबमधल्या सगळ्या पोरींदेखत त्यांना वाट्टेल तसं बोलले. त्या कोंब कापत राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला एकटीला रॅकपाशी नेलं. बाटलीवर कोंब लावणाऱ्याची सही असते. प्रत्येकीवर माझीच होती. त्या रजेवर असताना मीच या बाटल्या लावल्या होत्या.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरी तुमचं ऐकत्यात. माझं काय, मी रोजच बोलणी खाती."

आता मला स्वतःचीच चीड आली. सुट्टीनंतर सगळ्यांना बोलावून मी चूक कबूल केली, त्यांची माफी मागितली.

त्या माझ्यावरच वैतागल्या. "काय गरज व्हती, मॅडम?"